प्लास्टरच्या ठेकेदाराला विमा चौरस फुटावर द्या : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात प्लास्टरची कामं अंगावर घेतो. लोक ठेकेदार म्हणतात, पण माझं ऑफिस नाही. एक जुना टेम्पो, लोखंडी पाइप, फळ्या आणि खिशात हजेरीची वही, एवढाच पसारा. वीस वर्षांपूर्वी लातूरकडून आलो तो बिगारी म्हणून. घमेली वाहिली, मग हातात थापी आली, मग स्वतःची एक जोडी, म्हणजे मिस्त्री आणि हाताखालचा बिगारी, मग चार. आजही माणूस कमी पडला की पँट दुमडून मीच परांचीवर चढतो. हे सांगायचं कारण एवढंच, की कायद्याच्या लेखी मी 'मालक' आहे.

दोन वर्षांपूर्वी एका बंगल्याचं बाहेरचं प्लास्टर चालू होतं. दुपारच्या चहाला सगळे उतरले. एक मिस्त्री "एवढी पट्टी मारून येतो" म्हणून वरच थांबला. ओला माल अर्धवट सोडला की नंतर भिंतीवर सांधा दिसतो, आणि त्याला तसलं काम खपायचं नाही. फळीचं टोक पाइपच्या बाहेर जेमतेम चार बोटं आलेलं. पट्टी ओढत तो कडेला सरकला आणि फळी उलटली. बारा-तेरा फुटांवरून तो उभाच्या उभा खाली आला, पायांवर. दोन्ही टाचांची हाडं चुरली. डॉक्टर म्हणाले, परांचीवरून पडणाऱ्यांच्या टाचाच जातात, कारण पडताना माणूस पायांवर उतरायला बघतो.

फळी तारेनं बांधलेली नव्हती. सकाळी परांची मीच बघून गेलो होतो. चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही.

माझ्याकडे पॉलिसी नव्हती असंही नाही. कामगार नुकसानभरपाईची, ज्याला आमच्यात 'डब्ल्यूसी' म्हणतात ती होती. एका इमारतीच्या स्कीमवर वर्क ऑर्डर देताना बिल्डरनं मागितली म्हणून काढलेली. त्यात पत्ता त्या स्कीमचा आणि नावं तेव्हाच्या सहा माणसांची. हा बंगला दुसरीकडे, आणि हा मिस्त्री तीन आठवड्यांपूर्वी डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावरून आलेला. दावा नामंजूर झाला. कागद पाहिला तर कंपनीचं चुकलं असं म्हणवत नाही. दवाखान्याचं बिल मी मिक्सर विकून आणि एका बिल्डरकडे अडकलेलं रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेले पैसे, हातापाया पडून सोडवून भरलं.

त्या रात्री दवाखान्याच्या पॅसेजमध्ये बसून मोबाइलवर एक हिशेब केला, तोही सांगतो. मिस्त्रीचं वय तीस. १९२३च्या कामगार भरपाईच्या कायद्याप्रमाणे तो दगावला असता तर महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५,००० धरायचा, त्याचा निम्मा ७,५००, आणि त्याला तिसाव्या वर्षाच्या २०७.९८ या आकड्यानं गुणायचं. झाले १५,५९,८५०. महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर वर निम्म्यापर्यंत दंड. तिशीतल्या कमावत्या माणसाच्या घराला ही रक्कम जास्त आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण ती माझ्याकडे नाही. माझ्यासारख्या कुणाकडेच नाही. म्हणजे कायद्यानं त्याच्या बायकोला हक्क दिला असता, पण तो वसूल करायला दार दाखवलं असतं ते माझ्या भाड्याच्या खोलीचं.

आता २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली आणि जुना कायदा तिच्यात गेला. घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध जुळत असेल तर, कामावरचाच धरायचा आहे. चांगलं आहे. सकाळी माझ्याच टेम्पोत मागे आठ-दहा जण उभे असतात, त्यामुळे ते मला लागू होणार हेही कळतं. जबाबदारी वाढवलीत त्याबद्दल तक्रार नाही. ती पेलायला जो विमा लागतो तो आमच्या मापाचा मिळत नाही, ही तक्रार आहे.

विम्याचा फॉर्म कारखान्याच्या हिशेबानं बनलेला असतो. जागा एक, माणसं ठरलेली, वर्षाचा पगार आधीच माहीत. आमच्याकडे सोमवारी चार माणसं असतात आणि स्लॅबखालचं काम मोकळं झालं की गुरुवारी अठरा. पेरणीला मराठवाड्यातली गावी जातात, छठपूजेला बिहारची जातात, बंगालमधल्या मालद्याकडची ईदला. एका वेळी तीन साइट, त्यातली एखादी दोन दिवसांची, नुसती पॅरापिटची, म्हणजे गच्चीच्या कठड्याची. दरवेळी नाव आणि पत्ता कळवा म्हणतात. मी वाळूच्या गाडीमागे पळू, की एजंटच्या? त्यात औषधपाण्याचा खर्च बऱ्याचदा वेगळा जोडून घ्यावा लागतो आणि मुकादमानं आणलेली माणसंही वेगळी दाखवावी लागतात. हे पॉलिसी काढताना कुणी सांगत नाही, पडल्यावर कळतं.

माणसांपलीकडचंही तेच. २०२१पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी आहे, पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या उद्योगांना. ऐकून बरं वाटलं, चौकशी केली. ती आगीपुराची, पत्त्यावरच्या मालाची. माझा माल पत्त्यावर नसतोच, तो रस्त्यात असतो नाहीतर भिंतीला टेकलेला. वरून मालाचा गोळा पडून शेजारच्याच्या गाडीची काच फुटली तर त्याला बिल्डरची अख्ख्या बांधकामाची 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' पॉलिसी असते. तिच्यात पोटठेकेदाराचं नाव घालता येतं. घाला म्हणालो तर साइट इंजिनिअर हसला.

आणि जीएसटी. माझ्या कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा २२ सप्टेंबर २०२५पासून शून्य झाला, कामगारांसाठी घेतलेल्या पॉलिसीवर १८ टक्के तसाच आहे. ते दिल्लीचं काम, पण बोलायला आपलीच माणसं जातात.

तुम्ही म्हणाल, बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ आहे की. आहे, आणि त्याचा उपयोग होतो. कामावर मृत्यू आला तर नोंदणी असलेल्या कामगाराच्या वारसाला पाच लाख मिळतात. पण नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. अड्ड्यावरचा माणूस माझ्याकडे वीस दिवस, दुसऱ्याकडे चाळीस. दाखला कुणी द्यायचा? मी पाच-सहा जणांना दिलाय, आणि प्रत्येक वेळी आपण काही खोटं तर लिहीत नाही ना, अशी धाकधूक वाटलीय. बरं, मंडळाचे पैसे मिळाले म्हणून माझी जबाबदारी संपत नाही. ती वेगळी, ही वेगळी. त्या मंडळात बांधकाम खर्चाचा एक टक्का उपकर जमा होतो, म्हणजे ज्या भिंतीला मी थापी लावतो तिचे पैसे आधीच भरलेले असतात.

म्हणून माझं मागणं एकच आहे. आमचा सगळा हिशेब चौरस फुटाचा आणि ब्रासचा, शंभर चौरस फूट म्हणजे एक ब्रास. बिल फुटावर, मजुरी फुटावर, भांडणंसुद्धा फुटावर. विमाही फुटावर द्या. अमुक साइट, इतके ब्रास प्लास्टर, इतक्या उंचीपर्यंत, अमुक तारखेपासून काम संपेपर्यंत. त्या भिंतीवर त्या काळात जो कुणी चढेल, नाव काहीही असो, तो विम्यात. बाहेरच्या प्लास्टरला हप्ता जास्त, आतल्याला कमी, कारण घोड्यावरून, म्हणजे आत उभं राहायच्या बुटक्या स्टँडवरून पडणं आणि परांचीवरून पडणं यात फरक आहे. एक जोडी बाहेरचं प्लास्टर दिवसाला एक-सव्वा ब्रास ओढते, त्यावरून माणसांचे दिवस कुणालाही काढता येतात. हप्ता किती ते जाणकार ठरवतील. फुटामागे चार आणे वाढले तर गिऱ्हाईक कुरकुरत नाही, एवढं मी अनुभवानं सांगतो.

हे कोण देणार? सरकारी बांधकामं घेणाऱ्या ठेकेदारांना राज्याच्या विमा संचालनालयाकडून विमा घ्यावा लागतो, टेंडरमध्येच तशी अट असते. म्हणजे सरकारला हा धंदा नवा नाही. ते आपल्या खात्याकडे नसलं तरी मंत्रालय एकच आहे. मोठ्या ठेकेदाराचा पूल जिथे विम्यात बसतो, तिथे माझी गच्चीची भिंत बसवायला हरकत नसावी. बांधकाम परवानगीच्या वेळी उपकर भरून घेतात, त्याच खिडकीवर हा हप्ता भरता आला तर पुढे मला पळावं लागणार नाही आणि मालकालाही टाळता येणार नाही.

काय नको तेही सांगतो, नाहीतर आमचेच काही लोक गैरफायदा घेतील. प्लास्टर आतून पोकळ राहून भदभद वाजलं, भेगा पडल्या, पाणी नीट मारलं नाही म्हणून पोपडे सुटले, तर ते विम्यातून देऊ नका. ते आम्ही फोडावं आणि पुन्हा करावं. आणि फळी न बांधता माणूस वर चढवणाऱ्याचा पुढच्या कामाचा हप्ता दुप्पट करा. पहिला मीच भरेन.

तो मिस्त्री आता परांचीवर चढत नाही. माझ्याच साइटवर खाली बसून पाइपचे क्लॅम्प आवळतो, फळ्यांना तार मारतो. त्यानं हो म्हटल्याशिवाय कुणी वर जात नाही, मीसुद्धा.

माझी पॉलिसी पुढच्या महिन्यात संपतेय. नव्या फॉर्मवर 'कामाचे ठिकाण' या शब्दांपुढे एकच ओळ आहे. तिथे काय लिहू, तेवढं कळवावं.

आपला,
एक प्लास्टर ठेकेदार, पुणे