टोळ्या बंद करू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. रानटी टोळ्यांनी राजधानी घेरली, बिल्डर (शेतं-खाणी उभारणारा कामगार) पळवला, म्हणून ‘सिव्हिलायझेशन ६’ या संगणकीय खेळाच्या पुढच्या डावात त्या सेटिंगमधूनच बंद करायच्या म्हणतोस. अरे, असं नको करूस! पहिल्या पन्नासएक टर्नमध्ये जीव कशाने येतो, तर याच टोळ्यांमुळे.

सगळी मेख त्यांच्या स्काउटमध्ये, म्हणजे टेहळ्यामध्ये, आहे. तो एकटा तुझं काही बिघडवत नाही. पण तुझं शहर दिसलं की त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह येतं आणि तो कॅम्पकडे, म्हणजे टोळीच्या तळाकडे, सुटतो. तो पोहोचला की मग धाड निघते. म्हणजे लढाई वेशीवर नाही, त्याच्या परतीच्या वाटेवर जिंकायची असते. त्याचा पाठलाग मात्र करू नकोस. त्याची चाल टर्नला ३, तुझ्या वॉरियरची, म्हणजे साध्या पायदळाची, २. सपाटीवर तो हाती लागत नाही. कॅम्प कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज घे आणि वॉरियर त्या वाटेत आडवा उभा कर. बाजूला एक स्लिंगर, म्हणजे गोफणवाला, हवाच. स्काउटला शेवटचा दगड त्याचाच लागला, तर आर्चरीचा (धनुर्विद्येचा) युरेकाही, म्हणजे त्या संशोधनाला मिळणारी गती, पदरात पडते.

आता सैन्य किती, हा तुझा खरा प्रश्न. नेहमीच्या वेगाच्या डावात दोन स्लिंगरना शहराचं ७० प्रॉडक्शन (उत्पादन) लागतं, नवं शहर वसवणाऱ्या पहिल्या सेटलरला ८०. दोन स्लिंगर म्हणजे जवळजवळ एक शहर लांबणीवर! तरी मी ते आधी काढतो, कारण सोबतीशिवाय निघालेला सेटलर टोळीच्या हाती लागला तर ते शहरही गेलं आणि ते टर्नही. त्याहून जास्त फौज मात्र नको. त्याऐवजी सरकारी धोरणांमधलं डिसिप्लिन कार्ड लाव, टोळ्यांविरुद्ध ५ ताकद वाढते. आणि रिकामी युनिट्स शहरात कोंडू नकोस, टेकड्यांवर पसरून ठेव. नकाशावरची जी टाईल (चौकट) कुणाच्या नजरेत आहे तिथे नवा कॅम्प उगवत नाही.

घोड्यांजवळचा कॅम्प तेवढा आधी मोड. तिथून घोडेस्वार येतात, आणि सुरुवातीला त्यांच्यापुढे आपला टिकाव लागणं फार कठीण. बाकीचे कॅम्प सवडीने मोडलेस तरी चालतं. तीन रानटी मारलेस की ब्राँझ वर्किंगचा (कांस्यकामाचा) युरेका, कॅम्प मोडलास की सोनं.

एवढं करूनही जाच वाटला, तर २०२१ साली आलेला ‘बार्बेरियन क्लॅन्स’ हा वेगळा गेम मोड लावून बघ. त्यात सोनं देऊन टोळी काही काळ शांत ठेवता येते, आणि टिकली तर पुढे तिचं नगरराज्यही होतं. पण आधी साधाच डाव मांड, आणि पहिला स्काउट कुठून आला ते मला लगेच कळव.

तुझाच,
जुना मित्र