खाडीपुलांतील संवेदक काँक्रीट ओतण्यापूर्वीच बसवावेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरील पूल वाहून गेला, तेव्हापासून कोकणात जुना दगडी पूल दिसला की प्रवासी धास्तावतात. काँक्रीटच्या पुलावरून मात्र आपण निर्धास्त जातो. खाडीकाठी हा निर्धास्तपणा धोक्याचा आहे. पणजीचा मांडवीवरील काँक्रीटचा पूल बांधून दोन दशकेही झाली नव्हती, तोच जुलै १९८६ मध्ये तो कोसळला. आतील पोलादी तारांना चढलेला गंज त्याला कारणीभूत ठरला होता.

काँक्रीटचा सामू (पीएच) १२.५ ते १३, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो, म्हणून सळीवर संरक्षक थर टिकतो. भरतीच्या पाण्यातील आणि खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइड (मिठाचा घटक) वर्षानुवर्षे मुरत सळीपर्यंत पोहोचले की हा थर फुटतो. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापत असल्याने काँक्रीट आतूनच तडकते. खांबाचा पोपडा सुटलेला आपल्याला दिसतो तोवर आतली सळी बरीच खंगलेली असते. पावसाळ्यापूर्वीची पाहणी कितीही प्रामाणिकपणे केली तरी तिला हे वेळेवर कळणे शक्य नाही.

दूरसंचारासाठी वापरतात तसा केसाएवढा काचेचा तंतू येथे उपयोगी पडतो. त्यावर कोरलेल्या ब्रॅग जाळीवरून (ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश परतवणाऱ्या सूक्ष्म रेषांवरून) परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ताणाप्रमाणे बदलते व गंजाने सळीभोवती येणारा फुगारा मोजता येतो. दुसऱ्या प्रकारात तंतूच्या टोकावरील रंगद्रव्य सामूनुसार रंग बदलते. क्लोराइड टिपणारे संवेदकही आहेत आणि माझ्या मते आपल्या किनाऱ्याला तेच सर्वांत मोलाचे. कारण भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील ७५ मिलिमीटर कव्हरमध्ये, म्हणजे सळीवरील काँक्रीटच्या आवरणात, ते वेगवेगळ्या खोलीवर बसवले, तर मीठ सळीपासून किती दूर आहे हे काही वर्षे आधीच समजते. काच गंजत नाही, पण काँक्रीटमधील अल्कलीने तिची झीज होते आणि रंगद्रव्यही कालांतराने फिके पडते. त्यामुळे तंतूला योग्य लेप हवा, शिवाय अधूनमधून सळीची विद्युतविभव चाचणी (गंजाची शक्यता दाखवणारी) घेऊन ही मापे पडताळावी लागतील.

रेवस-रेडी सागरी महामार्गावर बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर पूल होऊ घातले आहेत. संवेदक नंतरही छिद्र पाडून बसवता येतात, पण त्यासाठी जे कव्हर सळीचे रक्षण करते त्यालाच इजा करावी लागते. म्हणून सार्वजनिक बांधकाम विभाग व रस्ते विकास महामंडळ यांनी ही तरतूद निविदेतच करावी, आणि कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी (ज्यात दोष दुरुस्त करणे त्याच्यावर बंधनकारक असते) संपल्यानंतर मापे कोण घेणार, त्याचा खर्च कोण करणार व ती मापे लोकांना कोठे पाहता येणार, हेही त्याच कागदावर लिहून द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, रत्नागिरी