सायकलसाठी उरलेला रस्ता तरी धड ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ जूनला जागतिक सायकल दिन आला की सायकल चालवा, तब्येत राखा, इंधन वाचवा, अशी आवाहने सुरू होतात. चालवायची कुठून, हे मात्र कोणी सांगत नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकलला बंदी, सागरी किनारा मार्गावर बंदी, अटल सेतूवरही बंदी. भरधाव गाड्यांमध्ये सायकल घालणे जिवाशी खेळ आहे, त्यामुळे या बंदीबद्दल माझी तक्रार नाही. (अटल सेतूचे शिवडी ते चिर्ले हे २१.८ किलोमीटर आपल्यालाही मिळाले असते तर, असे मनात येतेच. पण ते असो.) मग दादर-परळकडच्या माणसाला कोकणाच्या दिशेने सायकलने निघायचे तर मानखुर्द आणि वाशीचा खाडीपूल हीच रस्त्याने जवळची वाट उरते. ती तरी सायकल चालवण्याजोगी असावी की नाही?

गेल्या थंडीत आम्ही मित्रमंडळी दादरहून अलिबागला निघालो होतो. उजाडण्याआधीच शीव-पनवेल रस्त्याला लागलो. डावी कड धरून एकामागोमाग चाललो होतो, नियमाप्रमाणे. मानखुर्दच्या अलीकडे पुढे असलेल्या मैत्रिणीचे चाक पावसाळी गटाराच्या जाळीत गेले. जाळीचे गज आडवे असायला हवेत. इथे ते रस्त्याच्याच दिशेने उभे बसवलेले, आणि दोन गजांमध्ये अंगठा सहज जाईल एवढी फट. मोटारीला ती जाणवतही नाही, पण सायकलचा बारीक टायर अलगद आत उतरतो. सिग्नल जवळ असल्याने तिचा वेग कमी होता, म्हणून कोपर सोलण्यावर निभावले. मागे डंपर होता. त्याने वेळीच ब्रेक मारला, एवढेच. चाक आउट झाले होते. ब्रेक सैल सोडून ती तशीच पनवेलपर्यंत आली आणि तिथल्या सायकलवाल्याने तारा ताणून चाक सरळ करून दिले.

पुढे वाटभर सगळ्यांची नजर रस्त्याच्या कडेलाच. कर्नाळ्याच्या चढावर दोन्ही बाजूंना झाडी, पण मान वर करून बघायची सोय नाही, कारण साइडपट्टीवर खडी पसरलेली आणि डांबराची कड वीतभर उंच. खाली उतरावे तर घसरायचे, वर राहावे तर पाठीमागून ट्रकचा हॉर्न. वडखळला वडापाव खाताना एका आजोबांनी, ‘एसटी बंद आहे काय?’ म्हणून काळजीने विचारले. पोयनाडच्या पुढे कार्लेखिंडीचा चढ दमवतो खरा, पण तो दम हवाहवासा वाटतो. त्यासाठीच तर घरून निघालेलो असतो. परतताना मांडव्याहून रो-रो बोटीने सायकलींसह तासाभरात भाऊच्या धक्क्याला उतरलो. जे पाण्यावर जमते ते रस्त्यावर का जमू नये?

वेगळे सायकल ट्रॅक मागण्याचा उत्साह आता राहिलेला नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात बांधलेल्या ट्रॅकवर पुढे मोटारी उभ्या राहू लागल्या, हे मुंबईकरांनी पाहिले आहे. शिवाय या रस्त्याने फक्त आमच्यासारखे हौशी जात नाहीत. पहाटे दूध टाकणारे, पाववाले, पाळी संपवून घरी निघालेले रखवालदार याच कडेने सायकल हाकतात. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नसते आणि ते पडले तर कोणी पत्र लिहीत नाही.

पावसाळ्यापूर्वी नालेसफाईसाठी या जाळ्या उचलाव्या लागतातच. त्याच वेळी चौकोनी जाळ्या फिरवून बसवाव्यात, म्हणजे गज आपोआप आडवे होतील. लांबट जाळ्यांवर दोन-तीन आडव्या पट्ट्या वेल्ड कराव्यात. त्यासाठी ना नवा प्रकल्प लागतो, ना उद्घाटन. संबंधित खात्याने सुरुवात शीव ते वाशी या पट्ट्यापासून करावी.

– एक सायकलस्वार वाचक, दादर, मुंबई