फोर्ट कोचीत किल्ला शोधू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत की फोर्ट कोचीचा किल्ला चढायला किती आहे. चढायला काहीच नाही, कारण किल्लाच नाही. नावात फोर्ट आहे, जागेवर फार तर पायाचे दगड. पण गेलेला किल्ला कुठे कुठे डोकावतो हे माहीत असलं तर ही आळी बघायला मजा येते, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. फोनवर तुम्ही अर्ध्यात "आईला देतो" म्हणता.

आधी वारांचं गणित. फोर्ट कोचीजवळच्या मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद. तिथलंच ज्यूंचं प्रार्थनास्थळ शनिवारी बंद आणि शुक्रवारीही त्याचा भरवसा नाही. चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना, तेव्हा आत हिंडता येत नाही. त्यामुळे शनिवारी फोर्ट कोची, रविवारी आराम आणि सोमवारी मट्टांचेरी असं ठेवू या. प्रवासी कंपन्या हे सगळं एका दिवसात उरकतात. त्यात निम्मा वेळ गाडीत जातो आणि दुपारी बाराच्या उन्हात चर्चच्या दारात रांग लागते. इथे डिसेंबरातही अकरानंतर अंगाला घाम चिकटून राहतो. सकाळी साडेसहा ते दहा बाहेर, मग घरी, आणि वाटलं तर चारनंतर पुन्हा, एवढंच.

जायचं वॉटर मेट्रोच्या बोटीनं, एर्नाकुलमच्या हायकोर्टच्या धक्क्यावरून. साधारण वीस मिनिटं, तिकीट चाळीस रुपये. सरकारी जुन्या बोटी याहून खूप स्वस्त आहेत, पण त्यांत चढताना बोट खालीवर होते आणि पाय लांब टाकावा लागतो. आईच्या गुडघ्याला ते नको. वॉटर मेट्रोचा धक्का तरंगता आहे. भरती-ओहोटीबरोबर तोही वरखाली होतो, म्हणून बोटीत पाय ठेवायची जागा आणि धक्का कायम एका पातळीत राहतात आणि चाकाची खुर्चीसुद्धा सरळ आत जाते. बोटीत शंभर माणसं झाली की फाटक बंद होतं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी दहानंतर लांबलचक रांग लागते. पहिल्या बोटींपैकी एखादी धरायची.

उतरलं की दहा मिनिटांच्या आत मासे धरायची ती मोठी जाळी दिसतात, चीनवला, म्हणजे चिनी जाळी. कुणी म्हणतं ती चिनी दर्यावर्द्यांनी आणली, कुणी म्हणतं पोर्तुगीजांनी मकाऊहून. त्यांच्या भागांची नावं पोर्तुगीज वळणाची आहेत, म्हणून मला दुसरं जास्त पटतं. बाबा, विहिरीवरची जुनी लाट आठवा, एका टोकाला घडा आणि दुसऱ्या टोकाला दगड. तोच तराजू इथे दोन-तीन मजल्यांएवढा केलाय. सागवानी वाशांचा सांगाडा दहा मीटर उंच, त्याच्या चार वाकड्या हातांना झोळीसारखं लटकलेलं जाळं वीस मीटरचं. जमिनीकडच्या बाजूला कलिंगडाएवढे दगड दोरांना टांगलेले असतात, आणि त्या दोरांकडे नीट बघा, ते एका लांबीचे नसतात. जाळं वर येऊ लागलं की दगड एकेक करून फळ्यांवर टेकतात आणि मागचा भार हप्त्याहप्त्यानं कमी होतो. सगळे दगड एकदम टेकले असते तर तोल गेला असता. तोल इतका नेमका साधलेला असतो की एक माणूस मुख्य वाशावरून पाण्याच्या बाजूला चालत गेला की त्याच्या वजनानंच जाळं बुडतं. ते चारपाच मिनिटं पाण्यात ठेवतात, मग पाच-सहा जण दोर ओढतात. प्रत्येक जाळ्याची खोली ठरलेली, त्यामुळे भरतीच्या पाण्याला एक चालतं तर ओहोटीला दुसरं. शेजारचं जाळं बंद दिसलं तर ते मोडलेलं आहे असं समजू नका.

मासळी मात्र फार निघत नाही. पावसाळ्यात खाडीतून जलपर्णीचे गठ्ठे वाहत येतात, जाळ्यात मासळीऐवजी तेच भरतं. समुद्राचं खारं पाणी आत शिरलं की ती मरते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत जाळी जरा मोकळी असतात. मंडळी तुम्हाला दोर ओढायला बोलावतील. बाबा, खांदा सांभाळा, आणि ओढलाच तर नंतर पैसे मागतात हे धरून चाला. आधी विचारून घेतलं की कटकट नाही.

जाळ्यांशेजारच्या हातगाड्यांवरची सगळी मासळी या जाळ्यांतली नसते. बरीचशी तोप्पुंपडीच्या मासळी बंदरातून बर्फात येते. वाईट असते असं नाही, पण "आत्ता काढली" या भावानं घेऊ नये. कल्ले, डोळे, बोटानं दाबून बघणं हे आई, मी तुला सांगणं म्हणजे पिल्लानं कोंबडीला अंडं घालायला शिकवण्यातला प्रकार. एकच सांगते, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं ते ठरव, आणि शिजवायचे पैसे वेगळे. इथे ज्याचं कौतुक ते करिमीन, म्हणजे आपलं काळुंदर. केळीच्या पानात मसाला भरून तव्यावर भाजतात. खोबरेल तेलाचा वास बाबांना चालला तर बघू.

आता किल्ला. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, वरचं कोडुंगल्लूरचं जुनं बंदर गाळानं भरलं आणि कोचीचं तोंड उघडलं. १५०० साली पोर्तुगीज आले. कालिकतच्या सामुतिरी (झामोरिन) राजाशी वैर असलेल्या इथल्या राजानं त्यांना जागा दिली आणि १५०३ मध्ये किल्ला उभा राहिला, सुरुवातीला चक्क माडाच्या ओंडक्यांचा. युरोपियनांनी भारतात बांधलेला हा पहिला किल्ला. जानेवारी १६६३ मध्ये डचांनी तो घेतला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं तुटली, म्हणजे बाबांना साल लक्षात ठेवायला अडचण नाही. डचांनी मोठा पसारा पाडून किल्ला आवळून घेतला आणि नवे बुरूज बांधले. १७९५ मध्ये इंग्रज आले, १८०६ मध्ये त्यांनी तटबंदी सुरुंगानं उडवली. १८१८ नंतर आपल्या गडांच्या वाटा आणि दरवाजे फोडले, त्याचीच ही आधीची आवृत्ती. किल्ला राहिला तर उद्या दुसऱ्याच्या हाती पडेल, हा हिशोब.

उरलं काय ते सांगते. किनाऱ्याच्या फरसबंदीवरून चालताना पायाच्या बांधकामाचे तुकडे दिसतात. जवळच बॅस्टियन बंगला, डचांच्या स्ट्रॉमबर्ग बुरुजाच्या जागेवर, १६६७ सालचा. परेड ग्राउंडच्या कडेला एक मोठा लाकडी दरवाजा आहे, वर डच ईस्ट इंडिया कंपनीची व्हीओसी ही एकात एक गुंफलेली अक्षरं आणि १७४० हे साल. आत जाऊन बघण्यासारखं काही नाही, कमान बघायची. मैदानाभोवतीचे मोठे पर्जन्यवृक्ष मुळांनी पदपथ उचलतात, तेव्हा आईनं फोटोसाठी मागे मागे सरायचं नाही.

मैदानापासून सेंट फ्रान्सिस चर्च अगदी जवळ. १५०३ चं लाकडी, १५१६ चं दगडी, आधी कॅथलिक, मग डचांचं प्रोटेस्टंट, मग इंग्रजांचं अँग्लिकन. इमारत तीच, देवाला हाक मारायची पद्धत तेवढी बदलत गेली. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ ला कोचीतच वारला आणि इथे पुरला गेला. चौदा-पंधरा वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. जमिनीत कठडा घातलेला दगड आहे, तो रिकाम्या थडग्याचा. गर्दी तिथेच असते. तुम्ही वर बघा. बाकांच्या वर आडव्या दांड्यांना कापडी झालरींचे पंखे टांगलेले आहेत. त्यांचे दोर भिंतीतल्या भोकांतून बाहेर जातात, म्हणजे ओढणारा माणूस बाहेर उन्हात आणि वारा आत. भिंतींवर उभ्या केलेल्या शिळा पूर्वी जमिनीत होत्या, एका बाजूला पोर्तुगीज, समोर डच. डच शिळांवर हात फिरवावासा वाटेल इतकी कोरीव अक्षरं आहेत, पण हात लावायचा नाही.

तिथून पाच-सात मिनिटांवर सांता क्रूझ बॅसिलिका. हिची गंमत अशी की डचांनी जुनं कॅथेड्रल शस्त्रं ठेवायला वापरलं म्हणून ते वाचलं, आणि इंग्रजांनी ते पाडलं. आताची इमारत १९०५ ची. आतली चित्रं मोस्केनी नावाच्या इटालियन जेझुइटाची. मंगळूरच्या सेंट अलॉयशियसच्या चॅपेलमधलं काम याचंच. उद्घाटनाच्या काही दिवस आधी तो इथेच वारला. जुन्या कॅथेड्रलचा एक दगडी खांब आवारात आग्नेयेच्या कोपऱ्यात उभा आहे. कुणी दाखवत नाही, आपण शोधायचा. एवढं झालं की शनिवार संपला.

सोमवारी मट्टांचेरी. फोर्ट कोचीहून अडीच-तीन किलोमीटर, रिक्षानं जायचं. कुणी पन्नास रुपयांत सगळं गाव फिरवतो म्हणाला तर बसू नका. तो तुम्हाला चार दुकानांत नेतो, तिथून त्याला पैसे मिळतात. सरळ "राजवाडा, फक्त जायचं" म्हणून भाडं ठरवा.

राजवाड्याला सगळे डच पॅलेस म्हणतात, पण १५५५ च्या सुमारास बांधला पोर्तुगीजांनी, राजाला भेट म्हणून. डचांनी नंतर डागडुजी केली आणि नाव त्यांचं पडलं. बाहेरून साधा चौसोपी वाडा वाटतो. वर जायचा जिना उंच पायऱ्यांचा आहे, आईनं सावकाश, कठडा धरून. राजाच्या शयनगृहात भिंतभर रामायण आहे. फोटो काढू देत नाहीत आणि उजेड कमी असतो, म्हणून आत शिरल्यावर दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं, डोळे सरावले की हिरवे आणि गेरूचे रंग वर येतात. खालच्या दालनातली गोवर्धन उचललेल्या कृष्णाची भिंत बघितल्याशिवाय निघायचं नाही. माझं मत विचाराल तर एवढ्या एका वाड्यासाठी कोचीला यावं.

वाड्याच्या देवळाची आणि ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची भिंत एक आहे. ते १५६८ चं. बाहेरचा घड्याळाचा मनोरा १७६० चा, एझिकेल रहाबी या व्यापाऱ्यानं बांधलेला. आत जाताना चपला काढाव्या लागतात आणि खांदे-गुडघे झाकलेले हवेत, बाबांनी अर्धी चड्डी घालू नये. फरशा चीनहून आणलेल्या, पांढऱ्यावर निळ्या, हातानं रंगवलेल्या. दोन फरशा शेजारी शेजारी धरून बघा, झाडाचं तेच खोड एकीत कुंचल्याच्या एका झटक्यात आलंय, दुसरीत दोनदा गिरवलंय. आपल्या कोकणातले शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायली, यांना हिब्रू प्रार्थना शिकवायला एकोणिसाव्या शतकात कोचीच्या ज्यूंमधून शिक्षक आले होते. १९४८ नंतर इथले बहुतेक ज्यू इस्रायलला गेले. गल्ली आता दुकानांची आहे, आणि "जुनी वस्तू" म्हणून जे विकतात त्यातलं पुष्कळ नवंच असतं. घ्यायचं तर मिरी घे. मूठभर पाण्यात टाकून बघ, पोकळ दाणे तरंगतात.

मग चेरलाईला तिरुमला देवस्वम हे देऊळ. आई, इथे तुला घरचं वाटेल. सोळाव्या शतकात गोव्यातून पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून निघालेले सारस्वत इथे आले आणि घरात अजून कोकणी बोलतात. ज्यांच्यापासून पळाले तेच पोर्तुगीज इथेही किल्ला बांधून बसलेले, पण आसरा कोचीच्या राजाचा होता. पुढे डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडनं मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ करवून घेतला, 'होर्तुस मलाबारिकुस'. त्याला मदत करणाऱ्यांत इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे इथले कोकणी ब्राह्मण होते. त्यांनी १६७५ मध्ये, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या पुढच्याच वर्षी, दिलेलं कोकणी प्रमाणपत्र नागरी अक्षरांत पहिल्या खंडात छापलंय, १६७८ साली, ॲमस्टरडॅमला. बाबा, छापलेल्या नागरीचा इतका जुना नमुना क्वचितच सापडेल. केरळातल्या देवळांत पुरुषांना सदरा काढावा लागतो, तेव्हा त्या दिवशी बटणांचा घाला, डोक्यावरून ओढायचा नको. धोतर इथे आहे, आणू नका.

एर्नाकुलम जंक्शनलाच उतरा. एर्नाकुलम टाऊन हे वेगळं स्टेशन आहे, डब्यातले लोक उठले म्हणून उठायचं नाही. आईचे मोजे आणा, देवळात आणि प्रार्थनास्थळात अनवाणी दगडावरून चालायचंय. ३१ डिसेंबरच्या आसपासचं तिकीट मात्र काढू नका. त्या रात्री किनाऱ्यावर पप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा, पुतळा जाळतात, आणि त्या गर्दीत बोटीला तासन् तास जागा मिळत नाही.

शुक्रवारी पोचणार असाल तर आधी कळवा, म्हणजे वार उलटेपालटे करते.

तुमची,
वैशू