पाळकीणबाई, हे तुमच्यासाठी, पण सगळ्यांसमोर

पाळकीणबाई, सलाम.

समोर येऊन काही बोलायला गेलं की तुम्ही "असू दे गं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे लिहितेय, इथे तरी तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही. वाचणाऱ्यांपैकी काही जणांना झोंबेल. झोंबू दे.

आपल्या वस्तीची काय दशा झाली होती हे तुम्ही इथल्या एका चर्चच्या पाळक, म्हणजे पास्टर, म्हणून आलात तेव्हा बघितलंच. कारखाना बंद पडला, ज्यांना जमलं ते निघून गेले, ज्यांना नाही जमलं ते राहिले. दिवा गेला की गेलाच, मैदानाचा उकिरडा झालेला, संध्याकाळनंतर पोरीबाळींना एकटं बाहेर पाठवायची सोय नाही. आणि एवढ्याशा वस्तीत चर्च मात्र तीन! एकाला कंपाउंड, दुसऱ्याला कंपाउंड आणि गेट, तिसऱ्याला कंपाउंड, गेट आणि वर वॉचमन.

एकतेची कमी होती असं मात्र कोणी म्हणू नये हं. दर जानेवारीत 18 ते 25 तारखेपर्यंत ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह अगदी न चुकता व्हायचा. 1908 मध्ये सुरू होऊन पुढे जगभर पसरलेला हा सप्ताह, चांगलाच आहे, मी नावं ठेवत नाहीये. पण आमच्याकडे काय व्हायचं, तर स्टेजवर फादर, पास्टर, रेव्हरंड सगळे ओळीने, बायबलमधल्या योहानाच्या 17 व्या अध्यायातलं "त्या सर्वांनी एक व्हावे" वाचायचं, ग्रुप फोटो काढायचा आणि 26 तारखेला सकाळी जो तो आपापल्या गेटच्या आत. वर्षभर मग एकच चर्चा, कोण कोणाची मेंढरं, म्हणजे चर्चची माणसं, पळवतंय.

तिकडे 1999 मध्ये कॅथलिक आणि लुथरन लोकांनी जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये बसून, ज्या मुद्द्यावरून चारशेहून जास्त वर्षं भांडण चाललं होतं त्याच मुद्द्यावर, म्हणजे माणूस देवाच्या कृपेने नीतिमान कसा ठरतो यावर, एकत्र सह्या केल्या. आणि इकडे आमच्या दोन कंपाउंडच्या मधल्या बोळातला बल्ब कोणी लावायचा हे ठरत नव्हतं.

असो. मूळ गोष्ट किल्लीची आहे.

माझ्या आईच्या डोक्यात बरेच दिवस होतं की गल्लीतल्या पोरांना संध्याकाळी अभ्यासाला बसायला एक खोली हवी. घरात जागा नाही, बाहेर उजेड नाही. आईचं शिक्षण बेताचं, कुठल्या कमिटीवर नाही की मंडळावर नाही. ती आधी आमच्याच चर्चमध्ये गेली, तिथे सांगितलं अर्ज द्या, कमिटी बसली की बघू. कमिटी काही बसली नाही, उभीच असेल अजून. दुसऱ्या एका ठिकाणी विचारलं की मुलं नक्की कोणाची, सगळी ख्रिस्ती आहेत का, बाप्तिस्म्याचे दाखले आणा. पाढे पाठ करायला बाप्तिस्म्याचा दाखला! आई त्या दिवशी घरी येऊन काहीच बोलली नाही, आणि आई बोलली नाही की मला भीती वाटते.

तुमच्याकडे तर ती आलीच नव्हती. तुम्हीच कुठून तरी ऐकलंत आणि दारात येऊन उभ्या राहिलात. मला वाटलं आता पुन्हा चौकशी, कोणत्या चर्चच्या, घरात किती जण, मग पत्रक, मग प्रार्थना, मग निघणार. तुम्ही पर्समध्ये हात घातलात, चाचपून किल्ली काढलीत आणि आईच्या हातावर ठेवलीत. "आमच्या चर्चच्या हॉलची आहे. डुप्लिकेट करून आणलीय, ही तुमच्याकडेच राहू दे." बस. कधी परत करायची नाही, सही नाही, जबाबदार व्यक्तीचं नाव नाही. किल्लीला लाल लोकरीचा गोंडा बांधलेला होता. आईने विचारलं हा कशाला, तर म्हणालात, दिवे गेलेले असतात ना, अंधारात पर्समध्ये हाताला लागते पटकन.

तुमच्यासाठी ही किती छोटी गोष्ट असेल मला माहीत नाही. पण या वस्तीत आजवर आमच्या हातात लोकांनी पाकिटं दिली, पत्रकं दिली, फोटोपुरता झाडू दिला, किल्ली कोणी दिली नव्हती. देणारा नेहमी देणारा आणि आम्ही नेहमी रांगेत. किल्ली दिली म्हणजे तुम्ही आईला सांगितलंत की उघडायचं कधी आणि बंद करायचं कधी हे आता तुम्ही ठरवा. त्या रात्री आई खूप बोलली. कुठल्या मुलाला कुठे बसवायचं इथपर्यंत सगळं ठरवून झालं तिचं.

बाकी पुढे काय काय झालं, कोणी पंखे दिले, गटारासाठी कोणाकडे किती खेटे घातले, ते सगळ्यांना माहीत आहे, ते उगाळत बसत नाही. मला त्यातल्या दोनच गोष्टी सांगायच्यात.

एक म्हणजे तो बायबलमधल्या नहेम्याचा तिसरा अध्याय. आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर हा अध्याय उडवलाय, नुसती नावंच नावं. तुम्ही हॉलमध्ये तोच काढलात, आणि कॅथलिक, पेंटेकॉस्टल, तुमचे लोक, कोपऱ्यावरची देवळात जाणारी ताई, सगळ्यांना बसवून वाचून दाखवलात. यरुशलेमचा कोट पडलेला, आणि कोण बांधतंय तर सोनार, सुगंधी द्रव्यं करणारे, याजक, शल्लूम आणि त्याच्या मुली, आणि कितीतरी जण आपापल्या घरासमोरचा तुकडा. 52 दिवसांत कोट उभा! मग तुम्ही फक्त विचारलंत, तुमच्या घरासमोर काय पडलंय? शेवटच्या घरातले म्हातारे आजोबा लगेच म्हणाले, माझ्यासमोर तर नुसता अंधार आहे. त्या आठवड्यात पेंटेकॉस्टल मंडळीतल्या वायरमन पोराने त्यांच्या भिंतीवर दिवा लावून दिला, मीटर आजोबांचा, वायर आमच्या चर्चमधून आली आणि शिडी तुमची. स्वीडनमधल्या लुंडच्या परिषदेत 1952 मध्ये बऱ्याच देशांतल्या चर्चच्या प्रतिनिधींनी हाच तर प्रश्न विचारला होता, की जिथे श्रद्धेचे खोल मतभेद आपल्याला वेगळं व्हायला भाग पाडतात तेवढं सोडून बाकी सगळं आपण एकत्र का करू नये? आपल्याला प्रभूभोजन एका टेबलावर घेता येत नाही, त्याचं दुःख आहेच, त्याची कारणंही आहेत, पण तुंबलेलं गटार कुठल्या मताचं असतं हो?

त्याच अध्यायात तकोवाच्या लोकांचं आहे, त्यांच्यातल्या बड्या मंडळींनी कामाला मान वाकवली नाही आणि साध्या लोकांनी मात्र आपला तुकडा संपवून वर दुसराही बांधला. ते वाचताना तुम्ही कोणाकडेच बघितलं नाहीत. आम्ही सगळ्यांनी मात्र बघितलं.

दुसरी गोष्ट मेंढरांची. हॉलमध्ये गर्दी वाढायला लागल्यावर कुजबुज सुरू झालीच, बाई माणसं ओढतायत म्हणून. कोणाकोणाच्या घरी जाऊन सांगून झालं, सावध राहा म्हणून. आणि तुम्ही काय करत होतात, तर आमच्या शेजारची ती, जिने चर्च सोडूनच दिलं होतं आणि आता तुमच्याकडे यायचं म्हणत होती, तिला म्हणालात, "रविवारी तुझ्या फादरकडे मिस्साला जा, माझ्याकडे सोमवारी ये, पोरांच्या वह्या तपासायच्यात." ती गेली पण. फादरनी हे ऐकलं तेव्हा ते स्वतः चालत हॉलवर आले, कार्यक्रम नसताना, झगा नसताना, आणि खुर्च्या उचलू लागले. मला वाटतं खरी एकता त्या दिवशी सुरू झाली आणि तिचा फोटो कोणाकडेच नाहीये.

तुम्ही वस्तीतल्या त्या जुन्या गळक्या क्वार्टरमध्ये राहायला आलात यालाही लोक वेडेपणा म्हणत होते, आधीचे कोणी तिथे राहिले नाहीत. मी नंतर जॉन पर्किन्स या अमेरिकेतल्या पाळकांबद्दल वाचलं, 1960 मध्ये ते कॅलिफोर्नियातलं बरं चाललेलं सोडून बायकामुलांसकट परत मिसिसिपीत राहायला गेले, आणि पुढे तेच सांगत राहिले की आधी त्या लोकांमध्ये राहा, मग त्यांचं भलं करायला बघा. तुमच्या घरात पाणी यायचं बंद झालं त्याच दिवशी आमचंही बंद झालं होतं ना. म्हणून तुमचा राग खरा होता, आणि म्हणूनच तुम्ही तक्रार करायला आमच्याबरोबर उभ्या राहिलात, आमच्या वतीने नाही.

चांगली माणसं अशीच असतात का हो? म्हणजे चांगुलपणा करताना समोरच्याला लहान न करणारी? मी बरेच मदत करणारे बघितलेत, खोटे नव्हते सगळे, पण मदत घेतल्यावर माणूस थोडा खाली बसल्यासारखा व्हायचा. बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत, वाटेत मार खाऊन पडलेल्या परक्याला तो उचलतो त्या, मला आता ते उतारूगृहाचंच आवडतं, जखमा बांधल्या, दोन दिनार दिले, आणि जखमी माणसाला एक प्रश्न विचारला नाही. नाव पण नाही. याजक आणि लेवी, म्हणजे देवळात सेवा करणारी मंडळी, बाजूने निघून गेले, त्यांनाही बिचाऱ्यांना बहुतेक कमिटीची मीटिंग असेल.

सगळं सोनं झालंय असं नाही. अजून बरीच घरं कुलूपबंद आहेत, मैदानाचा अर्धा भाग तसाच आहे, आणि पोरांना नोकऱ्या कुठून आणायच्या हे ना तुम्हाला माहीत ना फादरना. पण निघून जायचं म्हणणाऱ्यांपैकी काही जण थांबलेत. आम्ही पण थांबलोय, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. भाऊ सगळं ठरवून बसला होता, आईनेच नाही म्हटलं. हॉल कोण उघडेल म्हणाली.

आणि हो, एक राहिलंच. परवा त्या कमिटीचे साहेब आले होते घरी, त्यांच्या हॉलचं काम निघालंय म्हणे, मीटिंगला तुमचा हॉल मिळेल का विचारत होते. आईने अर्ज वगैरे काही मागितला नाही. घ्या म्हणाली, फक्त सातच्या आत आटपा, पोरं येतात, आणि जाताना खुर्च्या भिंतीला लावून ठेवा.

तुमची,
पलीकडच्या गल्लीतली