४९ अंशांवरचे शिखर : प्रयोगशाळेतल्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सादर प्रणाम.

माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्प-अहवालातल्या ऋणनिर्देशात तुमचे नाव ‘व इतर कर्मचारी’ या शब्दांत दडून गेले, म्हणून उशिरा का होईना, हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

ग्लायसीन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल. त्याचे तीन रेणू आणि सल्फ्युरिक आम्लाचा एक, या प्रमाणात बनणारा ट्रायग्लायसीन सल्फेटचा स्फटिक फेरोइलेक्ट्रिक असतो, म्हणजे बाहेरून विद्युतक्षेत्र न लावताही त्यातले धन आणि ऋण भार किंचित विरुद्ध बाजूंना सरकलेले असतात (हेच स्वयंस्फूर्त ध्रुवीकरण) आणि क्षेत्र लावून ते उलटवता येते, हे १९५६ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये माथियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, एवढे मला पुस्तकातून ठाऊक होते. द्रावणात दोऱ्याला टांगलेल्या बी-स्फटिकाला (ज्याच्याभोवती मोठा स्फटिक वाढतो) धक्का लागू न देता दिवसेंदिवस वाट कशी पाहायची, ते मात्र तुम्ही शिकवलेत. वाढलेल्या स्फटिकावर ब्लेडची धार नेमकी टेकवून तुम्ही वरून हलकीशी टिचकी मारलीत आणि ध्रुवीकरणाच्या अक्षाला काटकोनात, आरशासारखी गुळगुळीत चकती सुटून आली, तो क्षण मला अजून दिसतो. (मी स्वतः केलेल्या पहिल्या दोन चकत्यांचा भुगा झाला होता, हेही इथे कबूल करते.)

चकतीच्या दोन्ही बाजूंना सिल्व्हर पेस्ट लावून मी तिचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो, ते सांगणारा आकडा) वेगवेगळ्या तापमानांना मोजू लागले, तेव्हा तापवताना त्याचे शिखर ५३ अंश सेल्सिअसला आले आणि थंड करताना ४५ला. स्फटिकाचे फेरोइलेक्ट्रिकपण जाण्याच्या या संक्रमणात तापमानाचा हिस्टेरेसिस आहे, म्हणजे तापवताना ते एका तापमानाला आणि थंड करताना दुसऱ्याच तापमानाला होते, असा निष्कर्ष मी मोठ्या उत्साहाने वहीत लिहूनही टाकला. तुम्ही वही पाहिली नाहीत, भट्टीचे झाकण उघडून पाहिलेत आणि म्हणालात, “अहो, थर्मोकपल भिंतीला चिकटलाय. तुम्ही भिंतीचं तापमान मोजताय, स्फटिकाचं नाही.”

चूक एवढीच होती. तापवताना भिंत स्फटिकाच्या पुढे धावत होती आणि थंड होतानाही तीच आधी निवत होती. थर्मोकपल चकतीलगत बसवून, दर अर्ध्या अंशाला थांबत, तुम्ही माझ्यासोबत संध्याकाळी उशिरापर्यंत बसलात, आणि दोन्ही शिखरे ४९ अंशांच्या आसपास एकमेकांवर येऊन बसली. तसेच व्हायला हवे होते, कारण हे संक्रमण सलग आहे, म्हणजे ध्रुवीकरण एकदम नाहीसे न होता कमी कमी होत शून्यावर येते. तीनपैकी एक ग्लायसीन कमी तापमानाला सगळीकडे एकाच अंगाला कललेला असतो. तापमान वाढते तसा तो दोन्ही अंगांना उलटसुलट होऊ लागतो, आणि ४९ अंशांच्या वर दोन्ही स्थिती सारख्याच होऊन स्फटिकाला आरसा-प्रतलाची सममिती मिळते व स्वयंस्फूर्त ध्रुवीकरण शून्यावर येते. त्या उंबरठ्यावर ध्रुवीकरण घडवायला अगदी क्षीण विद्युतक्षेत्रही पुरते, म्हणून डायइलेक्ट्रिक स्थिरांक हजारोंच्या घरात जातो.

पुढे डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या त्याच आकड्यांचे व्यस्त काढून तापमानासमोर आलेख मांडला, तेव्हा शिखराच्या तापमानावरचे बिंदू क्युरी-वाइस नियमाप्रमाणे (त्यानुसार हा व्यस्त तापमानासोबत एकसारखा वाढत जातो) सरळ रेषेत आले. परीक्षकांनी त्या रेषेचे कौतुक केले आणि मी ते निमूटपणे घेतले, याची आजही थोडी लाज वाटते.

अहवालाच्या माझ्या प्रतीत ‘व इतर कर्मचारी’च्या आधी तुमचे नाव मी आता पेनाने लिहिले आहे.

तुमची विद्यार्थिनी