आबा, पंख मिटणारं विमान पाहिलं

एव्हरेट, वॉशिंग्टन
19 मे 2024

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर फोनवर देता आलं असतं, पण तुम्ही चार पानं हातानं लिहिलीत आणि मी दोन मिनिटांत "हो आबा, नाही आबा" करून मोकळी व्हावं, हे बरं वाटेना. तिकडे मे महिना. कूलरच्या टाकीत पाणी भरायला बाबांनाच सांगा, तुम्ही बादल्या उचलू नका.

22 एप्रिलला एअर इंडियाचं शेवटचं जंबो मुंबईहून गेलं, त्याचा व्हिडिओ मीही पाहिला. धावपट्टी सोडल्यावर त्यानं एकदा डावा, एकदा उजवा पंख कलवला. त्यावर तुम्ही लिहिलंत, "शेवटचं देखणं विमान गेलं. आता त सारी एकाच साच्यातली. दोन इंजिनं, एक नळी, एक शेपूट. तुझं मन त्यात रमतं कसं?" हे वाचलं आणि जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच राहिला. गेली सहा वर्षं मी याच विमानांचे भाग तपासते आणि माझं मन खरंच रमतं. कशात रमतं ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही.

आधी तुमचं म्हणणं मान्य करते. सोनेगावच्या विमानतळावर रात्रीच्या टपालाच्या थैल्या उतरवताना तुम्ही अंधारात नुसत्या आवाजावरून विमान ओळखायचात. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांची विमानं मध्यरात्री आपल्या नागपुरात यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत ती परत जायची. 1949 पासूनची ही व्यवस्था. लहानपणी झोपताना मी तिच्याच गोष्टी ऐकल्या. डाकोटाची घरघर, स्कायमास्टरचा चार इंजिनांचा भरदार घोष आणि व्हायकाउंटची ती बारीक शीळ, जी तुम्ही दात आवळून काढून दाखवायचात. इथे विमानतळाशेजारी राहून मला तसं ओळखता येत नाही. तेवढं खरंच हरवलं आहे आणि मलाही त्याचं वाईट वाटतं.

तुमचं पत्र मिळाल्यावर पुढच्याच रविवारी सिअ‍ॅटलच्या म्युझियम ऑफ फ्लाइटमध्ये गेले. तिथे एकाच छपराखाली पहिलं जंबो म्हणजे बोइंग 747, काँकर्ड आणि सुरुवातीच्या चाचण्यांतलं एक बोइंग 787 अशी तिन्ही उभी आहेत. आधी गेले होते ती पाहुणे आले म्हणून. या वेळी एकटीच गेले, तुमचा प्रश्न घेऊन.

काँकर्डमध्ये शिरताना मान खाली घालावी लागते. खिडकी जेमतेम तळहाताएवढी, आणि रांगेत चारच खुर्च्या. ध्वनीच्या दुप्पट वेगानं जाताना हवेच्या घर्षणानं ते इतकं तापायचं की उडता उडता अख्खं विमान काही इंचांनी लांब व्हायचं! कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरच्या यंत्रांच्या फळीशेजारी तेवढ्यापुरती फट पडायची आणि उतरल्यावर मिटायची. 5 नोव्हेंबर 2003 ला हे विमान न्यूयॉर्कहून चार तासांच्या आत इथे आलं, ते कायमचं थांबण्यासाठी. त्या शेवटच्या उड्डाणात इंजिनिअरनं आपली टोपी त्या फटीत सरकवली. विमान थंड झालं, फट मिटली, टोपी आत अडकली. ती आता कधीच निघणार नाही, कारण ते विमान पुन्हा कधी तापणार नाही. पुढे कुणीतरी चोरायला म्हणून बाहेर आलेली अर्धी टोपी कापून नेली होती, तीही नंतर परत आली. मी तिथे बराच वेळ उभी होते. आबा, रोमांच म्हणाल तर यापुढे काय आहे? पण पोटात सुमारे 95 टन इंधन आणि माणसं फक्त 100. ते विमान तुमच्या-माझ्यासाठी नव्हतंच.

जंबोचं तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. 1972 साली सांताक्रूझला बाबांना खांद्यावर बसवून तुम्ही ते दाखवलंत, खिडक्यांवर लाल झरोके रंगवलेलं. पण त्याच्या कुबडाची हकीकत तुम्हाला सांगायची राहिली. साठच्या दशकात सगळ्यांना वाटत होतं की पुढे माणसं काँकर्डसारख्या विमानांतून जाणार आणि जंबो माल वाहणार. म्हणून नाक उघडून समोरून पेट्या आत सारता याव्यात यासाठी कॉकपिट वरच्या मजल्यावर नेलं. वैमानिकांच्या मागचा भाग हवेसाठी उतरता केला, आणि झालं ते कुबड. म्हणजे ज्या रूपावर आपण सगळे जीव टाकतो, ते मालाच्या पेट्यांच्या हिशेबातून आलं. जुनी विमानं देखणी व्हावीत म्हणून कुणी देखणी केली नव्हती. तेव्हा उत्तरं ठरलेली नव्हती, म्हणून प्रत्येकाचा चेहरा वेगळा.

आता सगळी दोन इंजिनांची का, ते सांगते. पूर्वी इंजिनांचा भरवसा नव्हता. अमेरिकेतला नियम असा होता की दोन इंजिनांचं विमान, एक इंजिन बंद पडल्यावर, एका तासात गाठता येईल अशा विमानतळाच्या पल्ल्यातच राहिलं पाहिजे. समुद्र ओलांडायचा तर तीन किंवा चार इंजिनं हवीत. 1985 मध्ये ती मर्यादा दोन तासांवर गेली. आज 787 ला साडेपाच तासांची परवानगी आहे. साडेपाच तास, आबा, एका इंजिनावर, खाली नुसता समुद्र! 1953 च्या डिसेंबरात रात्रीच्या टपालाचं डाकोटा सोनेगावहून उडालं आणि लगेच पडलं, ते तुम्ही शाळकरी असताना ऐकलं होतं. पुढे तिथे नोकरीला लागल्यावर प्रत्येक विमान उडताना तुम्ही हातातलं काम थांबवून त्याचा आवाज दूर जाईपर्यंत ऐकायचात, असं आजी सांगायची. तो आवाज तुटणार नाही याची काळजी घेण्यात माझ्यासारख्या कितीतरी जणांचे दिवस जातात. माझ्या लेखी हे कुबडाहून कमी मोलाचं नाही.

इंजिनाचं एक गणित आपल्या शेराच्या हिशेबात मांडते. एअर इंडियाच्या पहिल्या बोइंग 707 ला रोल्स-रॉईसची कॉनवे इंजिनं होती. त्यात दहा शेर हवा आत जळणाच्या वाटेनं गेली, तर बाजूनं जेमतेम तीन शेर जायची. एअर इंडियाच्या 787 मध्ये एक शेर आत जाते आणि नऊ शेर बाजूनं. तो मोठा पंखा हवेला शांतपणे मागे ढकलतो, म्हणून इंधन कमी लागतं आणि कानठळ्याही बसत नाहीत. पंख्याची पाती 18, कार्बनच्या तंतूंचे थर चिकटवून केलेली, पुढच्या धारेला टायटॅनियम. अशा जातीच्या इंजिनाचं एक पातं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं आपल्या संग्रहात घेतलं आहे. त्याला जो पीळ आहे, तो बघून बोटं आपोआप त्यावरून फिरवावीशी वाटतात.

आणि पंख! पहिल्यांदा टोकियोमार्गे इकडे आले तेव्हा 787 मध्ये मला पंखामागची खिडकी मिळाली होती. जमिनीवर पंख कावडीसारखा होता, दोन्ही टोकं जराशी लवलेली. विमान धावायला लागलं तशी टोकं उचलली जाऊ लागली, आणि चाकं सुटली तेव्हा कावडीची डोली झाली होती: टोकं वर, आणि मधोमध आम्ही सगळे टांगलेले. वरच्या हवेत तो पंख श्वास घेतल्यासारखा सावकाश हलत होता. अ‍ॅल्युमिनियमचे पंखही वाकायचेच, पण कार्बनचा पंख लांब आणि सडपातळ करता येतो. 2010 मध्ये बोइंगच्या कारखान्यात याचे पंख मुद्दाम वर ओढून पाहिले, उड्डाणात कधी येऊ शकेल त्या सर्वांत मोठ्या भाराच्या दीडपट भार देऊन. टोकं सुमारे 25 फूट वर गेली आणि पंख टिकला.

1954 मध्ये कॉमेट नावाची प्रवासी जेट विमानं का पडली, ते तुम्हीच मला सांगितलं होतं. हवेच्या दाबानं धातू रोज फुगायचा, रोज बसायचा, आणि कोपऱ्यांशी दमून तडकायचा. कार्बन तसा दमत नाही. म्हणून 787 मध्ये खिडकी जवळजवळ दीड फूट उंच ठेवता आली. बहुतेक जुन्या विमानांत आतली हवा 8,000 फुटांवर असते तितकी विरळ होऊ देतात, यात 6,000 फुटांपर्यंतच, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून थोडंच वर. आई-बाबा इकडे आले तेव्हा आई म्हणाली होती ना, "या खेपेला घसा कोरडा पडला नाही"? कार्बन गंजत नाही, म्हणून आतल्या हवेत ओलावाही जास्त ठेवता येतो, ते त्यामुळे. आईला विमानांचं काही कौतुक नाही, पण तिच्या घशाला कळलं.

माझं काम या कार्बनशीच. पट्टीला जेल लावून प्रोब फिरवायचा. सोनोग्राफीच समजा. आवाज आत जातो, परत येतो, पडद्यावर रेषा उठते. थरांच्या मध्ये कुठे पोकळी असली की रेषा भलतीकडेच उठते. बाहेरून भाग काळा, गुळगुळीत, निर्दोष दिसतो. दोष दिसला की तुम्हाला अंधारात व्हायकाउंटची शीळ ऐकून वाटायचं तसंच काहीसं वाटत असावं: डोळ्यांना दिसत नाही, पण मला कळलं.

जानेवारीत पोर्टलंडहून उडालेल्या विमानाचं दाराच्या जागचं पॅनल हवेतच उडून गेलं, तेव्हापासून आई दर फोनवर विचारते. तिला सांगा, सगळे वाचले. तपासात निघालं की चार बोल्ट जागेवर नव्हतेच. रचना कितीही सुंदर असो, बोल्ट लावणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्या हातात सगळं येऊन ठेपतं. त्या आठवड्यात मी प्रत्येक भागावरून प्रोब दोनदा फिरवला.

आता खरी गोष्ट. गेल्या गुरुवारी शिफ्ट संपल्यावर इथल्या पेन फील्ड विमानतळाच्या कुंपणापाशी उभी होते. चाचण्या चालू असलेलं नवं 777 आलं. त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास 72 मीटर. लांब पंखाला टोकाशी उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्याचा मागे ओढणारा जोर कमी बसतो, म्हणून तो लांब. पण मोठमोठ्या विमानतळांवरच्या जागा 65 मीटरपर्यंतच्या विमानांसाठी आखलेल्या. मग काय केलं असेल? ते उतरलं, धावपट्टीवरून वळलं आणि चालता चालता दोन्ही पंखांची टोकं, प्रत्येकी साडेतीन मीटरची, वर उचलली गेली आणि उभी राहिली. तलावावर उतरलेला बगळा पंख आवरून घेतो तसं. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ दुर्बीण घेऊन उभे होते. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. माझ्या अंगावर काटा आला होता. त्याच क्षणी वाटलं, हे आबांना दाखवायला हवं. दुरून ते चारचौघांसारखंच दिसतं, हे खरं. जवळ जाऊन थोडं थांबावं लागतं.

आणि हो, आपल्या नागपूरच्या मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात 787 च्या आतल्या जमिनीखालच्या कार्बनच्या तुळया बनवतात. तुमच्या गच्चीवरून तिकडचे दिवे दिसतात. समुद्रावर अकरा-अकरा तास माणसं ज्या जमिनीवर चालतात, जेवतात, तान्ह्या मुलांना थोपटत येरझारा घालतात, तिच्याखाली नागपूरची तुळई असू शकते. जिथे तुम्ही थैल्या उचलल्यात, त्याच गावची.

सोबत पंख मिटलेल्या विमानाचा फोटो पाठवते आहे. भिंतीवर डाकोटाच्या फोटोशेजारी लावायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. दिवाळीला येईन तेव्हा दोन दिवस हातात ठेवून येईन. रात्री गच्चीवर खाट टाकू, आणि वरून जाणाऱ्या विमानांमध्ये डोळे मिटून काही फरक कळतो का ते तुम्ही मला शिकवा. तोवर तुमच्या जुन्या वहीतली, व्हायकाउंट पहिल्यांदा पाहिल्याची नोंद बाबांकडून फोटो काढून पाठवा.

आईला नमस्कार, छोट्याला आशीर्वाद. औषध वेळेवर घ्या.

तुमची नात